लॅपटॉप २७ टक्क्यांवर बंद पडतो: दोष लिनक्सचा, बॅटरीचा की कंपनीचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. अडीच वर्षं जुना लॅपटॉप, त्यावर डेबियन ही लिनक्सची आवृत्ती. बॅटरीचं आरोग्य ९४ टक्के दिसतं, पण चार्जर काढून काम केलं की अडीच-तीन तासांनी, पडद्यावर २७ टक्के शिल्लक दिसत असतानाच मशीन एकदम बंद पडतं. आधी इशारा येत नाही, मशीन झोपेतही जात नाही. सर्व्हिस सेंटरमध्ये लॅपटॉप उघडूनही न बघता सांगितलं, ‘तुम्ही लिनक्स टाकलंय, आम्ही सपोर्ट देत नाही, विंडोज टाकून आणा.’ तर हा दोष लिनक्सचा आहे का, आणि पुढचा लॅपटॉप घेताना काय बघावं?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. दोष लिनक्सचा नाही. तुम्ही पाठवलेले आकडे बघता बॅटरीतल्या मोजणी-चिपचा हिशोब चुकलेला आहे, आणि बहुधा एखादा सेल कमजोर झाला आहे. विंडोज टाकूनही मशीन तिथेच बंद पडेल. हे तुम्हाला स्वतः सिद्ध करता येईल, आणि करावंच, कारण सर्व्हिस सेंटरशी बोलताना हातात आकडे असले की संभाषणाचा सूर बदलतो.

टक्केवारी कुठून येते ते आधी बघू. बॅटरीच्या पॅकमध्ये सेलांसोबत एक छोटी चिप असते, तिला फ्युएल गेज म्हणतात. किती करंट आत गेला, किती बाहेर आला, याची ती सतत बेरीज-वजाबाकी करत असते. हे आकडे मदरबोर्डवरचा एम्बेडेड कंट्रोलर, म्हणजे अशी कामं सांभाळणारी आणखी एक छोटी चिप, वाचतो. तिथून ते एसीपीआय या ठरलेल्या पद्धतीने ऑपरेटिंग सिस्टिमला मिळतात. एसीपीआयचं पहिलं स्पेसिफिकेशन इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी १९९६ च्या डिसेंबरमध्ये काढलं. त्यात बॅटरीबद्दल मुख्यतः दोन प्रश्न विचारायची सोय आहे. एक स्थिर माहितीचा: डिझाइन क्षमता किती, शेवटची पूर्ण क्षमता किती, एकक कुठलं. दुसरा चालू स्थितीचा: भरतेय की उतरतेय, किती वेगाने, किती शिल्लक, व्होल्टेज किती. लिनक्सचा कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, हे प्रश्न विचारतो आणि आलेली उत्तरं फायलींमध्ये मांडतो. विंडोजही तेच प्रश्न त्याच फर्मवेअरला, म्हणजे कंपनीने मशीनमध्येच भरलेल्या सॉफ्टवेअरला, विचारतं. विंडोजमधल्या ‘पॉवरसीएफजी’ या आज्ञेच्या बॅटरी रिपोर्टमध्ये डिझाइन क्षमता आणि पूर्ण क्षमता म्हणून जे दिसतं, ते याच झऱ्याचं पाणी.

आता तुमचे आकडे. ‘सिस’ फोल्डरमध्ये ‘क्लास’, त्यात ‘पॉवर_सप्लाय’, त्यात ‘बॅट०’. इथल्या ‘एनर्जी_फुल_डिझाइन’ फाइलमध्ये तुम्हाला ५,००,००,००० दिसलं आणि ‘एनर्जी_फुल’मध्ये ४,६९,००,०००. एकक मायक्रोवॉट-तास, म्हणजे दहा लाखांनी भागायचं: ५० वॉट-तास आणि ४६.९ वॉट-तास. भागाकार ९३.८ टक्के. यूपॉवर, म्हणजे लिनक्समधला बॅटरीवर नजर ठेवणारा प्रोग्रॅम, जे ९४ टक्के आरोग्य दाखवतो ते एवढंच. तो काही वेगळी तपासणी करत नाही. बॅटरीने सांगितलेल्या दोन आकड्यांचा हा भागाकार आहे. ‘सायकल_काउंट’मध्ये शून्य दिसतंय म्हणून बॅटरी नवी समजू नका. पुष्कळ फर्मवेअर हा आकडा पुरवतच नाहीत आणि मग तिथे शून्यच राहतं.

मशीन २७ टक्क्यांवर बंद पडलं, म्हणजे हिशोबाप्रमाणे १२.७ वॉट-तास शिल्लक असायला हवे होते. प्रत्यक्षात बॅटरीतून बाहेर आले ४६.९ वजा १२.७, म्हणजे ३४.२ वॉट-तास. बाहेर गेलेल्या करंटची मोजणी ही चिप बऱ्यापैकी अचूक करते. तिचं चुकतं ते एकूण साठ्याबद्दल. गच्चीवरच्या टाकीत तळाशी गाळ साठला, तर नळाला किती पाणी आलं हे मीटर बरोबर सांगेल, पण टाकीत अजून किती आहे हा अंदाज फसेल, तसंच हे. तेव्हा तुमच्या बॅटरीची वापरता येणारी क्षमता ५० पैकी साधारण ३४, म्हणजे ६८ टक्के आहे. ९४ नव्हे.

असं का होतं? लॅपटॉप दिवसभर चार्जरला लावलेला, मधूनमधून थोडासा उतरतो आणि पुन्हा भरतो. चिपला आपला ‘पूर्ण क्षमता’ आकडा सुधारायला पूर्ण भरलेल्यापासून जवळजवळ रिकामं होईपर्यंतचा प्रवास बघावा लागतो. तो तिला कधी दिसतच नाही, आणि ती जुनाच आकडा धरून बसते. दुसरं कारण जास्त गंभीर. तुमच्या पॅकमध्ये तीन सेल एकापुढे एक जोडलेले आहेत. त्यातला एक थकला तर लोडखाली त्याचं व्होल्टेज इतर दोघांच्या आधी कोसळतं, आणि संरक्षक सर्किट अख्ख्या पॅकचा वीजपुरवठा तोडतं. इतर दोन सेलांत दम शिल्लक असूनही मशीन मरतं. सिस्टिमला इशारा द्यायला वेळच मिळत नाही, कारण तिच्या दृष्टीने अजून २७ टक्के आहेत.

दोन्हींतला फरक कसा ओळखायचा? ‘व्होल्टेज_नाऊ’ आणि ‘एनर्जी_नाऊ’ या दोन फायली दर अर्ध्या मिनिटाला वाचून वेळेसह एका फाइलीत लिहिणारी चार ओळींची स्क्रिप्ट बनवा. प्रत्येक नोंदीनंतर ‘सिंक’ करा, नाहीतर शेवटच्या, सगळ्यात महत्त्वाच्या ओळी डिस्कवर पोचायच्या आधीच वीज जाईल. चार्जर काढा, व्हिडिओ लावून द्या आणि मशीन बंद पडू द्या. तीन सेलांच्या निरोगी पॅकमध्ये २७ टक्क्यांच्या आसपास व्होल्टेज ११ च्या जवळपास असतं. नोंदीत ते हळूहळू, एकसारखं १० आणि खाली उतरत गेलेलं दिसलं, तर सगळे सेल सारखेच रिकामे झालेत आणि फक्त हिशोब चुकलाय. पण १०.९, १०.८ असं चाललेलं असताना शेवटच्या दोन-तीन नोंदींत एकदम खड्डा दिसला, किंवा खड्डा न दिसताच नोंदी थांबल्या, तर एक सेल गेला आहे असं समजा. पहिल्या प्रकारात कॅलिब्रेशनने फरक पडतो: पूर्ण भरा, तासभर तसंच राहू द्या, मधे न झोपवता शक्य तितकं उतरवा, पुन्हा सलग पूर्ण भरा. थिंकपॅड असेल तर टीएलपी या वीज वाचवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये यासाठी ‘रीकॅलिब्रेट’ अशी आज्ञाच आहे. दुसऱ्या प्रकारात कॅलिब्रेशन करत बसू नका, बॅटरी बदला.

तोवर काम बुडू नये म्हणून एक गोष्ट आजच करा. बॅटरी संपत आल्यावर काय करायचं हे यूपॉवर ठरवतो, आणि त्याचा मूळ उंबरठा २ टक्के आहे. तुमचं मशीन तिथपर्यंत पोचतच नाही. ‘ईटीसी’ फोल्डरमधल्या ‘यूपॉवर’च्या कॉन्फ फाइलीत ‘पर्सेंटेज-लो’ ४५, ‘पर्सेंटेज-क्रिटिकल’ ४० आणि ‘पर्सेंटेज-अॅक्शन’ ३५ करा, आणि सेवा पुन्हा सुरू करा. तिन्ही आकडे उतरत्या क्रमानेच हवेत. क्रम चुकला तर तो तुमचे आकडे बाजूला ठेवून स्वतःचे मूळ आकडे वापरतो, आणि लोक डोकं धरून बसतात की बदल लागू का होत नाही. ‘क्रिटिकल-पॉवर-अॅक्शन’ला हायबरनेट (चालू काम डिस्कवर लिहून मशीन बंद करणं) ठेवायचं असेल तर डिस्कवर त्यासाठी पुरेशी स्वॅप जागा राखलेली आहे ना ते बघा, नसेल तर सरळ ‘पॉवर-ऑफ’ ठेवा.

सर्व्हिस सेंटरबद्दल. पुढच्या वेळी लिनक्सचा विषय काढूच नका. जवळजवळ सगळ्या मोठ्या कंपन्यांच्या लॅपटॉपमध्ये ऑपरेटिंग सिस्टिमशिवाय चालणारी हार्डवेअर तपासणी असते, मशीन सुरू होताना एखादी फंक्शन की दाबली की उघडते. त्यातली बॅटरीची चाचणी चालवा आणि पडद्याचा फोटो काढा. चाचणी ‘ठीक’ म्हणाली तरी हरकत नाही. ती बहुतेक वेळा त्याच चिपला विचारते. मग बायोसच्या, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या फर्मवेअरच्या, सेटिंगचा पडदा उघडा ठेवून चार्जर काढा आणि मशीन बंद पडेपर्यंत तसंच ठेवा. त्या पडद्यावर ना लिनक्स आहे, ना विंडोज. ठरल्याच्या कितीतरी आधी मशीन तिथेही बंद पडलं, तर तक्रार अशी लिहा: ‘कोणतीही ऑपरेटिंग सिस्टिम चालू नसताना, पूर्ण चार्ज बॅटरीवर, अमुक वेळाने मशीन बंद होते.’ आणि ही तक्रार ईमेलने पाठवा, काउंटरवर तोंडी नको. एक गोष्ट मात्र आधी कागदावर तपासा. लॅपटॉपची वॉरंटी तीन वर्षांची असली तरी बॅटरीची बऱ्याचदा एकच वर्षाची असते, वेगळे पैसे भरून वाढवली नसेल तर.

नवी बॅटरी बसवली की त्याच फोल्डरमधल्या ‘मॅन्युफॅक्चरर’, ‘मॉडेल_नेम’ आणि ‘एनर्जी_फुल_डिझाइन’ या फायली लगेच वाचा आणि पॅकवरच्या लेबलाशी ताडून बघा. स्वस्तातली कंपॅटिबल बॅटरी घेतली असेल तर चिपमध्ये लिहिलेली क्षमता आणि सेलांची खरी क्षमता यांचा संबंध असेलच असं नाही. म्हणून वरची उतरवण्याची चाचणी पहिल्याच आठवड्यात करून घ्या, परत करायची मुदत आहे तोवर. जुनी बॅटरी फुगलेली दिसली, टचपॅड वर उचललं गेलंय किंवा तळाचं झाकण नीट बसत नाही असं जाणवलं, तर या सगळ्या चाचण्या राहू द्या. मशीन बंद करा, चार्जरला लावू नका, आणि बॅटरी काढूनच घ्या.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग. मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण ‘लिनक्स सपोर्ट’ म्हणजे नक्की काय मागायचं हे आपणच स्पष्ट केलं नाही तर कंपन्याही त्याचा सोयीचा अर्थ घेतात.

एसीपीआय ही उघडी, ठरलेली पद्धत असली तरी तिचा कोड प्रत्येक कंपनी स्वतः लिहिते आणि बायोसमध्ये भरते. त्याची तपासणी मुख्यतः विंडोजवर होते. विंडोजवर चाललं की माल बाहेर. कर्नलमध्ये बॅटरीचा जो ड्रायव्हर आहे त्याच्या कोडमध्येच याची एक नोंद आहे, ती प्रत्येकाने वाचावी अशी आहे. २०१० आणि २०११ सालच्या थिंकपॅडमध्ये मशीन बॅटरीवर आहे की चार्जरवर, यानुसार फर्मवेअरचं एकक बदलायचं: कधी मिलिवॉट-तास, कधी मिलिअँपिअर-तास. आणि मिलिअँपिअर-तास असताना बहुतेक आकडे चुकीचे यायचे. १०,००० ला डिझाइन व्होल्टेजने भागून येणाऱ्या गुणकाने ते दुरुस्त करावे लागायचे. ज्यांनी ही दुरुस्ती लिहिली त्यांनी कुठल्या मॉडेलांवर ती पडताळली हेही लिहून ठेवलंय: एक्स२०१, टी४१०, टी४१०एस, एक्स२२०. त्याआधीच्या आणि २०१२ च्या मॉडेलांवर हा दोष नाही, हेही एकेक मॉडेल तपासून नोंदवलंय. पुढे म्हटलंय की २०१२ च्या मध्यात लेनोव्होने २०११ च्या मॉडेलांसाठी बायोस अपडेट काढून दोष घालवला, पण २०१० च्या मॉडेलांसाठी नोव्हेंबर २०१२ पर्यंत तसं अपडेट आलेलं नव्हतं. म्हणजे ज्यांचं मशीन एक वर्षाने जुनं, त्यांची सोय फक्त कर्नलमधल्या त्या काही ओळींनी केली. आजही केली जाते.

म्हणून मी कंपनीच्या सपोर्टचं माप असं धरतो: दोष सापडल्यावर फर्मवेअरची दुरुस्ती येते का, आणि ती लिनक्सवरून चढवता येते का. दुसऱ्या मुद्द्यासाठी आज लिनक्सवरून फर्मवेअर अपडेट करणारा एफडब्ल्यूयूपीडी हा प्रोग्रॅम आणि कंपन्यांची अपडेट त्याला पुरवणारी एलव्हीएफएस ही सेवा आहे. डेल तिथे सुरुवातीच्या काळापासून आहे, लेनोव्हो २०१८ पासून. तुमच्या मॉडेलचं बायोस तिथे येत असेल तर विंडोज टाकायची गरजच उरत नाही.

ठरलेली वाट सोडून दिली की काय होतं, त्याचं मोठं उदाहरण मायक्रोसॉफ्टच्या सरफेसचं. त्यांच्या नव्या पिढीच्या मशीनमध्ये बॅटरीची माहिती नेहमीच्या एसीपीआय वाटेने येत नाही, तर एका वेगळ्या कंट्रोलरशी त्यांच्या स्वतःच्या प्रोटोकॉलने बोलावं लागतं. लिनक्स टाकलं की बॅटरीचं चिन्हच गायब. लिनक्स-सरफेस प्रकल्पातल्या लोकांनी तो प्रोटोकॉल उलगडून काढला आणि २०२१ साली त्याचे ड्रायव्हर मुख्य कर्नलमध्ये गेले. दस्तऐवज उघडे असते तर ही मेहनत इतर कामाला लागली असती, याचं मला मनापासून वाईट वाटतं. अॅपलच्या एम मालिकेच्या मशीनवर ‘असाही लिनक्स’ नावाच्या प्रकल्पातल्या लोकांनी हेच केलं. तिथेही बॅटरी वेगळ्याच कंट्रोलरमागे आहे.

उलट बाजूचं उदाहरण २०१८ चं, थिंकपॅड एक्स१ कार्बनची सहावी पिढी. विंडोजच्या मॉडर्न स्टँडबाय या हलक्या झोपेसाठी बनवल्यामुळे तिच्यात जुनी, खोल झोप, म्हणजे एस३, सुरुवातीला नव्हतीच. लिनक्सवर मशीन झाकण लावून बॅगेत ठेवलं की बॅटरी उतरत राहायची. लोक बायोसच्या एसीपीआय तक्त्यात स्वतः दुरुस्ती करून ते भरत होते. काही महिन्यांनी लेनोव्होने बायोस अपडेट दिलं आणि झोपेच्या प्रकारात ‘लिनक्स’ असा पर्यायच ठेवला. त्यात मशीन पहिल्यासारखं झोपू लागलं. २०२० च्या जूनमध्ये त्यांनी थिंकपॅडची पी मालिका आणि थिंकस्टेशन उबुंटू व रेड हॅटसाठी सर्टिफाय करण्याचं जाहीर केलं. डेलने तर २०१२ मध्येच एक्सपीएस १३ उबुंटूसह विकायला काढला होता. हे सगळं ग्राहकांनी सतत, नेमकेपणाने मागितलं म्हणून झालं.

बॅटरीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट मागायची: चार्जिंगची मर्यादा. तुमच्यासारखं दिवसभर चार्जरवर काम करणाऱ्यांची बॅटरी १०० टक्क्यांवर तासन्‌तास तापत राहते आणि वर्षा-दोन वर्षांत थकते. ती ८० टक्क्यांवर थांबवली तर आयुष्य स्पष्टपणे वाढतं. यासाठी कर्नलमध्ये ‘चार्ज_कंट्रोल_एंड_थ्रेशोल्ड’ अशी फाइल आहे, पण ती दिसते का हे पूर्णपणे कंपनीच्या ड्रायव्हरवर ठरतं. थिंकपॅडवर ही सोय २०१८ च्या ४.१७ कर्नलपासून आहे (सुरुवातीला फाइलीचं नाव वेगळं होतं), आसुसच्या पुष्कळ मशीनवर २०१९ च्या ५.४ पासून. एलजी ग्रामवर ८० किंवा १०० एवढेच दोन पर्याय. लेनोव्होच्याच आयडियापॅडवर मात्र आकडा निवडता येत नाही, फक्त ‘कॉन्झर्वेशन मोड’ चालू किंवा बंद. एकाच कंपनीच्या दोन मालिकांत एवढा फरक असतो, म्हणून ‘अमुक कंपनी लिनक्ससाठी चांगली’ असं सरसकट उत्तर मी देत नाही. मॉडेल विचारा. फाइल असेल तर पुढचं सोपं आहे: लिनक्सच्या डेस्कटॉपांपैकी केडीई प्लाझ्मात २०२० च्या ५.२० पासून आणि गनोममध्ये २०२५ च्या ४८ पासून ही मर्यादा सेटिंगमधूनच लावता येते. त्याहून जुन्या डेस्कटॉपवर टीएलपी आहेच. कधीतरी फ्रीबीएसडी ही लिनक्ससारखी दुसरी सिस्टिम वापरून बघणार असाल तर हेच बॅटरीचे आकडे तिथे ‘एसीपीआयकॉन्फ’ आज्ञेने मिळतात. फर्मवेअर तेच असल्यामुळे चुकाही त्याच.

खरेदीबद्दल आपल्याकडे एक गैरसमज फार आहे. फ्रीडॉसवाला लॅपटॉप म्हणजे लिनक्ससाठी बनवलेला, असं दुकानदारही सांगतात. फ्रीडॉस म्हणजे फक्त विंडोजचं लायसन्स नाही एवढाच अर्थ. त्या मशीनवर लिनक्स कुणी चालवून बघितलंय याची त्यात काहीही हमी नाही. उबुंटूची सर्टिफाइड यादी त्यापेक्षा बरीच भरवशाची, पण तिथेही नीट वाचा. सर्टिफिकेट विशिष्ट मॉडेलला, विशिष्ट जोडणीला आणि विशिष्ट उबुंटू आवृत्तीला असतं, आणि काही वेळा कंपनीसाठी वेगळ्या बांधलेल्या कर्नलवर मिळालेलं असतं. तुम्ही डेबियनवाले, तेव्हा त्या मॉडेलचा ड्रायव्हर मुख्य कर्नलमध्ये आलाय का हे बघणं जास्त महत्त्वाचं.

शक्य असेल तर दुकानात जाताना ताज्या कर्नलची लाइव्ह पेनड्राइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता लिनक्स चालवणारी, न्या. दाखवायला ठेवलेल्या मशीनवर ती सुरू करायची परवानगी मागा. पुष्कळ दुकानदार देतात. मग चार गोष्टी बघा: ‘बॅट०’ फोल्डर दिसतं का, चार्जर काढल्याबरोबर ‘स्टेटस’ बदलतं का, ‘पॉवर_नाऊ’ किंवा ‘करंट_नाऊ’मध्ये शून्याऐवजी खरा आकडा येतो का, मर्यादेची फाइल आहे का. त्याच बैठकीत ‘सिस’मधल्या ‘पॉवर’ फोल्डरातली ‘मेम_स्लीप’ फाइल वाचा. तिथे ‘डीप’ दिसलं तर जुनी खोल झोप उपलब्ध आहे. फक्त ‘एस२आयडल’, म्हणजे हलकी झोप, दिसलं तर त्या मॉडेलवर रात्रभर झोपवल्यावर बॅटरी किती उतरते, याबद्दल त्याच मॉडेलच्या लिनक्स वापरणाऱ्यांचे अनुभव वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. दुकानात परवानगी मिळाली नाही, तर परत करायची मुदत देणाऱ्या ठिकाणाहून घ्या आणि घरी आणल्याच्या पहिल्या संध्याकाळी हेच सगळं करा.

उतरवण्याची नोंद तयार झाली की तिचे शेवटचे वीसेक आकडे मला पाठवा. व्होल्टेजचा उतार बघून सेल गेलाय की हिशोब चुकलाय हे सांगता येईल, आणि तक्रारीच्या ईमेलमध्ये कुठले आकडे टाकायचे तेही ठरवू.